तीन पिनांची तार

भांडण ऐकायला ती गेलीच नव्हती. गेली होती चहाचे उष्टे कप उचलायला. पण त्यांच्या साउंडच्या दुकानामागच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. पडद्याने कुणाचं बोलणं अडलंय?

"दोन्हीला तीनच पिना आहेत, म्हणून तार एक होत नाही, दादा," तिचा नवरा म्हणत होता.

"मग काय, एक सख्खी आणि एक सावत्र?" थोरले दीर हसले. "अरे, खटकन बसतेय ना? आत कोण उघडून बघतंय!"

"ही माईकची तार आहे. चार हातांवर चालेल. त्यांना शंभर मीटर न्यायचीय."

"बरोबरची यायला आठ दिवस. ओतकारखान्याला शनिवारी हवी. आत्ता लावून बघितलीस, वाजली ना?"

"वाजली."

"मग वाजली तरी रडतोस?"

नवऱ्याने तीच तार जोडायला घेतली. तिच्या जिभेवर शब्द आला होता, पण मोठ्यांच्या बोलण्यात नाक कशाला खुपसा, म्हणून तिने तो गिळला आणि कप उचलले.

नवरा तसा कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघणारा. सोल्डरिंग तिला त्यानेच शिकवलं. तो सांगायचा, जुन्या तारेचं वय झालं की ती खरखरते, घुमते, माणूस सावध होतो. या नव्या डिजिटल तारेतून आवाज आकडे होऊन धावतो. तार बरोबरची नसेल तर काही आकडे टोकावर आपटून माघारी फिरतात आणि मागून येणाऱ्यांच्या अंगावर पडतात. तरी पलीकडचं यंत्र निभावून नेतं, आवाज लख्ख येतो. आणि एक दिवस निभत नाही, तेव्हा काहीच येत नाही.

"कुरकुर न करता जाते गं ही," तो म्हणायचा. तिला वाटायचं, आपल्या घरात तरी तसं कुणी जाणार नाही, सगळे कुरकुरण्यात पटाईत.

दोन वर्षं तार लख्ख वाजली. मग कारखान्यात तारेशेजारी नवी मोठी मोटर बसली. एका सकाळी माईकवर सांगितलं गेलं, "भट्टी कलतेय, बाजूला व्हा." शेडमधल्या कर्ण्यातून आलं फक्त "भट्टी". एक ओतारी बाजूला झाला नाही.

चौकशीत मोटरीवर खापर फुटलं. दिरांना हायसं वाटलं. नवरा मात्र कारखान्याच्या साहेबांकडे गेला. "तार चुकीची होती. मी जोडली."

"कागद बंद झालाय, काका. नवी लावून द्या."

ओताऱ्याच्या दारातही गेला. त्याच्या विधवेने सगळं ऐकून घेतलं आणि दार लावलं. भावाभावांचं बोलणं तेव्हापासून तुटलं ते तुटलंच.

बरोबरची तार टाकली, तरी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो ती तपासायला जायचा. एकोणीस वर्षं. कान गेले तेव्हा तिला बरोबर नेऊ लागला. ती माईकवर बोलायची, तो कर्ण्याच्या जाळीवर तळवा ठेवून उभा राहायचा.

मग फुफ्फुसं गेली. डॉक्टरांनी महिनाभराची मुदत दिली आणि त्यातच सोमवार आला.

"अहो, ते पाठवतील माणूस," ती त्याच्या कानाशी ओरडली.

"पाठवतील. तो वाजली म्हणेल आणि निघून जाईल."

कारखान्याच्या पायऱ्यांवर तो चारदा बसला. चौथ्यांदा तिने त्याच्या कानाशी तोंड नेऊन एकवीस वर्षं गिळलेलं बाहेर काढलं. "त्या दिवशी तुमचं भांडण मी ऐकलं होतं. बोलले नाही."

"ठाऊक आहे. कप वाजले होते." त्याने हात पुढे केला. "उठव मला."

वर त्याने नेहमीसारखा एक एक कनेक्टर उघडला, सोल्डरचे डाग भिंगातून पाहिले, पिना पुसल्या. मोटर चालू करायला लावली. मग तिला माईकच्या खोलीत धाडून तो शेडमध्ये गेला.

"भट्टी कलतेय, बाजूला व्हा," ती म्हणाली. काचेतून तिला तो दिसत होता, तळवा जाळीवर, मान खाली. तिने सगळं वाक्य पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं. तीनदा म्हणायचं, हा त्याचाच नियम.

त्याने हात वर केला. मग बरोबर आणलेली तपासणीची तार एक वेढा सुलटा, एक उलटा, अशी गुंडाळली, खांद्याला लावली आणि मोटर बंद करायची खूण केली.