सुमनमावशींचं तळं

“थुंकी? माझ्या चित्राला तू उष्टं केलंस?”

सुमनमावशी पार्सिपनीहून ड्राइव्ह करून स्टुडिओत आल्या, तेव्हा मी नेमका कापसाचा बोळा जिभेवर ओला करत होतो. जुनी चित्रं पूर्ववत करणं हा माझा धंदा. धूळ-काजळी हलक्या हाताने काढायला थुंकी उत्तम, आमच्या लाइनमध्ये सगळेच वापरतात. मावशींना पटलं नाही. माझ्या आईलाही पटलेलं नाही. ती लोकांना सांगते, मुलगा म्युझियमच्या कामात आहे.

चित्र एकोणिसाव्या शतकातलं, अमेरिकन तैलचित्र. शांत तळं, मागे डोंगर, काठाला रिकामी होडी, सगळ्यावर मधासारखा उजेड. मावशींच्या यजमानांनी, म्हणजे काकांनी, ते एका एस्टेट सेलमधून, कुणाच्या तरी मागे राहिलेल्या सामानाच्या विक्रीतून, आणून देवघराशेजारी लावलं होतं. काका गेले, आणि समईची काजळी चढलेलं चित्र मावशींना साफ करून हवं होतं.

काजळी निघाली. मग व्हार्निशची टेस्ट. व्हार्निश म्हणजे रंगांवरचा पारदर्शक थर. तो जुना झाला की पिवळा पडतो. डोंगराच्या पायथ्याशी तिकिटाएवढी जागा सॉल्व्हंटने पुसली. खालून धुकं आलं, आणि गार निळा उजेड.

“मावशी, ही संध्याकाळ नाहीच! सकाळ आहे!” मी लॉटरी लागल्यासारखा ओरडलो.

मावशींनी काठावरच्या होडीकडे बोट केलं.

“संध्याकाळचा चहा आम्ही याच्यासमोर घ्यायचो. हे म्हणायचे, चल, तळ्यावर जाऊन येऊ.”

माझी बॉस लिंडा आतून डोकावली. “वॉव! ओरिजिनल कलर्स! कंटिन्यू.”

मी बोळा खाली ठेवला. “मावशी, पुढे जाऊ का?”

“सकाळ ह्यांनी कधी बघितलीये? रविवारी थेट जेवायलाच उठायचे. तिथे एकटे काय करतील? राहू दे संध्याकाळ.”

काढलेलं व्हार्निश परत येत नाही. खालची सकाळ कुठे पळून जात नाही. लिंडाला एवढंच सांगितलं.

“फाइन. पण तो पॅच?”

तो पॅच! आयुष्यभर मळ काढायला शिकलेला मी, पुढचा आठवडा हुबेहूब मळका पिवळा रंग बनवून त्या जागेवर लावत बसलो. मावशींनी चष्मा लावून शोधलं, सापडलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सापडेना.

आता टेस्ट मी फ्रेमखाली झाकल्या जाणाऱ्या कडेलाच घेतो. आणि चित्रात किती वाजलेत, हे आधी मालकाला विचारतो.