थरथरत रामटेकला

नागपूरला उतरले तेव्हा मला घ्यायला मावशी आली होती, गाडी आली नव्हती. "सिग्नल दिसला का बंद पडून जाते, म्हणून घरीच ठेवली," मावशी म्हणाली आणि आम्ही रिक्षाने महाल भागातल्या तिच्या घरी गेलो. ज्या गाडीसाठी मी नाशिकहून एवढी लांब आले, तिची पहिली खबर ही अशी लागली.

गाडी काकांची, म्हणजे मावशीच्या यजमानांची. काका दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून माझा मावसभाऊ नितीन ती भंगारात द्यायला निघालाय आणि मावशी आडवी येतेय. शेवटी दोघांत तोड निघाली. गाडीने मावशीला रामटेकला नेऊन आणलं तर ती राहील, वाटेत ढकलावी लागली तर सोमवारी भंगारवाला येईल. चालवायला मी, कारण आमच्या खानदानात जुन्या गाड्यांची हौस मला आणि नाही म्हणायची अक्कलही नेमकी मलाच नाही.

रविवारी सकाळी निघालो. पळताना गाडी झकास. थांबली की मात्र हुडहुडी भरायची. इंजिनाचे ठोके मंद होत जायचे, आरसा हलायचा, मावशीच्या मांडीवरचा डबा वाजायला लागायचा आणि मग एकदम शांतता. उपाय एकच होता. पंजा ब्रेकवर ठेवायचा आणि त्याच पायाच्या टाचेने रेस देत राहायचं. सदर बाजारापर्यंत मी हे जमवलं, पण एका सिग्नलला माझी टाच आणि पंजा आपापसांत भांडले आणि आम्ही हिरवा होण्याआधीच चौक ओलांडला. मावशीने शेजारच्या स्कूटरवाल्याला हात जोडून माफी मागितली, जणू गाडी तीच चालवत होती.

सदरला पोहे खाल्ले. वर तर्री (हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) ओतलेली होती. गाडी कडेला चालूच ठेवली होती, ती तिथेही दोनदा थरथरून बंद पडली.

"प्लग खराब असन," पोहेवाला म्हणाला.

"नाही गा, पेट्रोलमधी कचरा हाये," एक गिऱ्हाईक म्हणालं.

"नजर लागली गाडीले," दुसऱ्याने निकाल दिला. मावशी खूश झाली. "मंग! मी इतके दिवस काय सांगून राहिली?"

तर्रीने माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "रडू नका ताई, होऊन जाईन गाडी चांगली," पोहेवाल्याने धीर दिला.

कामठी ओलांडली, एका गॅरेजसमोर गाडी बंद पडली आणि चालू होईना. नशिबाने तिथे उतार होता. ब्रेक सोडला तशी ती स्वतःच घरंगळत आत शिरली. "ढकलली नाही हं," मावशीने उपस्थितांना ठणकावून सांगितलं, "आपल्या मर्जीनं आली."

मिस्त्री शांत माणूस होता. त्याने बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि हात जोडले. आत सात लिंबू-मिरच्या लोंबत होत्या. ताजी एकच होती, बाकीच्या सुकून खारका झालेल्या. कार्बोरेटरला जोडलेल्या एका बारीक रबरी पाईपला त्या सगळ्या तारेने करकचून आवळलेल्या होत्या.

"हे कोणं बांधलं?"

"मी," मावशी म्हणाली. "बाहेर बांधलं का बकरी खाऊन टाकते. गाडी बंद पडली का शनिवारी अजून एक बांधो. काहून (का)?"

मिस्त्रीने गाडी कशीबशी चालू केली. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवून त्याने मूठ कानाला लावली आणि डॉक्टरसारखे डोळे मिटले. मग पाईपच्या बुडाशी पडलेल्या चिरेवर बोट ठेवलं. थरथर थांबली. बोट काढलं, हुडहुडी सुरू. ठेवलं, थांबली. मावशीने त्याला हे चार वेळा करायला लावलं.

"तारेनं पाईप फाटला, मावशी. तिथून हवा खाऊन राहिली गाडी. जितके लिंबू बांधाल तितकी बंद पडन."

त्याने फाटलेलं टोक कापलं आणि पाईप परत बसवला. एवढंच. मला हसू आवरेना. मावशीने सातही लिंबं पिशवीत घालून बरोबर घेतली. "लिंबू नसते तर याले पाईप दिसला असता का?" ती मला म्हणाली.

पुढे भाताची शेतं लागली आणि मग रामटेकचा गड. पायऱ्यांवर एका वानराने मावशीची पिशवी पळवली, एक मिरची चावली आणि आम्हाला असं तोंड करून दाखवलं की दर्शनाची रांगही हसली. "गेली नजर," मावशी समाधानाने म्हणाली.

संध्याकाळी परतलो. नितीन फाटकाच्या आत, भंगारवाल्याला लावायला फोन हातात घेऊन उभा होता. मी हॉर्नवर हात ठेवला तर मावशीने तो धरला.

"वाजवू नको वं. तुहे काका कधी वाजवत नव्हते. गाडी अशीच चालू ठेवून उभे राहत, मी आवाजावर ओळखो आन फाटक उघडो." ती उतरली, आत गेली आणि फाटक लावून घेतलं. मी बाहेर थांबले. गाडी न थरथरता, एका लयीत चालू होती. मग फाटक उघडलं. मावशीने डोळे पदराने टिपले होते आणि केस सारखे केले होते. नितीनने फोन खिशात ठेवला आणि फाटकाचं दुसरं दार स्वतः उघडलं.

मी नाशिकला परतले. हल्ली कुठलीही गाडी दारासमोर नुसती उभी राहिली तरी मी कान देऊन ऐकते, कोणाचं तरी फाटक उघडायचं राहिलं असेल असं वाटतं. कालच नितीनचा फोन आला होता. गाडी ठणठणीत आहे. त्याची स्कूटर मात्र चालू होत नाहीये, आणि मावशीने शनिवारी तिच्यात नेमकं कुठे काय बांधलंय ते तो शोधतोय.