निम्मी पुडी

वच्छलाकाकू आता न्हाय. पर बाळीवेशीच्या त्या बोळात ज्वारीच्या भाकरीचा वास आला की अजून वाटतंय, आतनं तिची हाक यील.

काकूचा धंदा कडक भाकरीचा. तिचा आन निंगव्वाचा मिळून. निंगव्वा अक्कलकोटाकडची, बोलताना निम्मं कन्नड. पंचवीस वर्सं दोघी एका चुलीम्होरं बसल्या. काकू थापायची, निंगव्वा भाजायची. चुलीपाशी जे यील ते दोघींचं. च्या एक कप असला तरी दोन बश्यांत वतायचा. काकू अंगानं लई भारी. रिक्षावाला म्हनायचा, मावशी, मधी बसा, गाडी कलतीय. समद्यांच्या आधी काकूच हसायची.

पर गुडघं सुजाय लागलं तसं हसू कमी झालं. खाली बसली की उठवाय निंगव्वानं दोनी हातांनी वढाय लागायचं. मांडी घालता येत न्हाय म्हंजी थापनं बंद, आन थापनं बंद म्हंजी काकूचं समदंच बंद. तिला दुसरं काय येत न्हवतं, दुसरं काय नगोबी हुतं.

दवाखान्यात इंद्रायणी नावाची तरणी डॉक्टरीण हुती. तिनं समजून सांगितलं. अंगात चरबी लई झाली की ती गप पडून ऱ्हात न्हाय, आतल्या आत सूज धरती, ती रगत तपासलं की कळती. प्रोटीन ज्याचं बनतंय त्यातला एक बारका कण असतोय, ॲमिनो ॲसिड म्हनत्यात. त्याची पूड रोज पोटात गेली तर सूज उतरती का, हे त्यास्नी बगायचं हुतं. तीन म्हैने, रोज एक पुडी पान्यातनं. काहींच्या पुडीत खरी पूड, काहींच्या पुडीत तसलंच दिसनारं साधं पीठ. कुनाला काय दिलंय ते डॉक्टरणीलाबी ठावं न्हवतं. गुडघ्याचं काय सांगता येत न्हाय म्हनली, पर काकूनं आशा धरली आन नाव घातलं.

निंगव्वाचंबी गुडघं तसलंच. तीबी गेली, तर त्यास्नी पायजे त्यापरीस वजन तीन किलोनं कमी पडलं, म्हनून घेतली न्हाय. काकू म्हनली, "जल्मात एकदा वजन कमी पडलं गं तुजं, तेबी नको तितं."

पैल्या दिवशी काकूनं पुडी पान्यात कालवली. म्होरं निंगव्वा गुडघ्याला तेल चोळीत बसलेली. काकूनं पेला तोंडाला लावला, खाली घेतला, आन निम्मं निंगव्वाच्या कपात वतलं. रोजचंच झालं मग ते. त्यात काय चुकतंय हे दोघींच्या मनातबी आलं न्हाय.

तीन म्हैन्यांनी काकू रिकाम्या पुड्या घेऊन गेली. समद्या नीट उलगडून, दोऱ्यानं बांधून. डॉक्टरणीनं मोजल्या. लई खूश झाली. म्हनली, काकू, एकबी पुडी चुकली न्हाय, तुमच्यासारख्यांच्या भरवशावरच आमी म्होरं हजारो लोकांना काय द्यायचं ते ठरवनार.

काकू रगत देऊन दारापतूर आली. तितंच थांबली. सांगितलं तर नाव जानार, म्होरली तपासनी जानार, गुडघ्याचा आसरा जानार. पर हजारो लोकं म्हनलेलं तिच्या कानातनं जाईना. माघारी वळली.

"बाई, माज्या नावावर दोघींनी घेतलंय. निम्मं मी, निम्मं निंगव्वानं."

डॉक्टरीण रागवली न्हाय. काकूच्या नावावर रेघ वढली आन इचारलं, "काकू, पण का दिलंत?"

"एकटीच्या घशाखाली उतरंना," काकू म्हनली.

घरी आल्यावर निंगव्वानं लई झाडलं. म्हनली, अक्का, तू खुळी हायस, मला तरी कशाला दिलीस, आन दिलीस तर सांगितलीस कशाला. मग तिनंच सुताराकडनं उंच फळी ठोकून आनली. तवापसनं काकू उभ्यानं थापाय लागली. भाकरी जरा जाड व्हायची, गिऱ्हाईक कुरकुरायचं, पर सुटलं न्हाय.

वर्सानं डॉक्टरणीचा फोन आला. समदं काम झालं हुतं, कुनाच्या पुडीत काय हुतं ते आता सांगता येत हुतं. सांगू का म्हनली.

"नगं सांगू," काकू बारीक आवाजात म्हनली. "खरं असलं तर माजं निम्मं खाल्लं म्हनून निंगव्वा जीवाला लावून घील. आन पीठ असलं तर मरुस्तवर मला हसंल."

निंगव्वा पलीकडं भाकरी उलटीत हुती. कुनाचा फोन म्हनली. काकूनं सांगितलं, चुकून लागला हुता.