सुभेदारांच्या शेडावरची पाटी

खंडेनवमीला जोतीराम सुभेदारांनी बंद पडलेल्या गाडीपुढं नाक घासलं, ही बातमी दुपारच्या आत रहिमतपूरभर झाली. साफ खोटी. मी शेजारी, कुंपणावर कोपर टेकून पहिल्यापासून बघत होतो. नाक घासलं नाही, फक्त दोन तास बॉनेटखालून मान वर काढली नाही.

सुभेदार लष्करात गाड्या दुरुस्त करायचे, आता दारातल्या पत्र्याच्या शेडात करतात. शेडावर पाटी आहे : ‘इंजिनावर पाणी मारणाऱ्यानं आत येऊ नये.’ ती क्रांती नावाच्या पोरीमुळं लागली. सुभेदारांच्या हाताखाली शिकताना तिनं एका गिऱ्हाइकाचं इंजिन पाइपानं धुतलं, तर सगळ्या आळीदेखत तिला हाकललं. पोरीनं कोरेगाव रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं.

खंडेनवमीच्या दिवशी सांगलीला लेकीकडं जेवायला जायचं होतं. जुन्या फियाटला झेंडूची माळ, मागं त्यांच्या पत्नी लीलाबाई नव्या साडीत. किल्ली फिरवली, इंजिन नुसतंच घरघरलं. म्हणजे बॅटरी ठीक. पेट्रोलही येत होतं. प्लग पुसून परत बसवले. पण एका काळ्या टोपणाला सुभेदार हात लावेनात. प्लगांना करंट तिथूनच जातो, एवढं मलाही कळतं.

“सुभेदार, ते टोपण राहिलं की!”

“त्यात काय न्हाई.”

“आवं, काय न्हाई कसं?” गाडीतनं लीलाबाई बोलल्या. “पहाटं पुजंसाठी पाइप लावून इंजिन धुतलंय न्हवं तुमी!”

मी हसलो. आळी हसली. सुभेदार रेडिएटरकडं असे बघत राहिले, जणू त्यावर काही लिहिलंय.

लीलाबाईंनीच क्रांतीला फोन लावला. तिनं येऊन टोपण उघडलं, आतले थेंब ओढणीच्या शेवानं टिपले. “मारा किल्ली, काका.” गाडी सुरू! पाटीकडं पोरीनं बघितलंसुद्धा नाही, पेढा घेऊन गेली. बघितलं असतं तर बरं झालं असतं, असा सुभेदारांचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पाटी त्यांच्या काखेत.

“काय सुभेदार, उतरवली? लाज वाटली वाटतं!”

“लय वाटली. क्रांतीच्या ग्यारेजात न्हिऊन लावतोय. ती मला आत घेती का न्हाई, बघायला चला माझ्यासंगं. गावभर सांगायला तुमालाच लागंल.”