रिकाम्या केसमधली टिकटिक

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी आजही उठून जातो. घड्याळं उघडणाऱ्या माणसाला एवढं पक्कं ठाऊक असतं – आवाज येतोय म्हणजे आत काहीतरी हलतंय. हलत नसेल तर आवाज नाही. बस्स. तरीही पुढचा प्रसंग माझ्याच टेबलावर घडला. नातसून टाइप करून देते आहे, शब्द माझे आहेत.

निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष. आम्ही जुन्या जालन्यात, आडतीच्या गल्लीत वरच्या मजल्यावर राहायचो. मी एका जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. घड्याळं म्हणजे नुसता नाद. एक भिंग, एक बारीक चिमटा, आणि ओळखीपाळखीच्यांची बंद पडलेली घड्याळं... काही चालू व्हायची, काही माझ्याच हातून कायमची जायची.

माझी थोरली बहीण अक्का हसनाबादला दिलेली. दाजींची तिथं शेती. त्या दिवसांत गावोगाव हत्यारबंद टोळ्या हिंडायच्या. धान्य उचलायच्या, तरण्या माणसांना धरून न्यायच्या. नेलेल्यांतले सगळेच परत येत नसत. अक्काला दिवस गेलेले, म्हणून दाजींनी तिला आमच्याकडे आणून सोडलं. स्वतः मात्र गुरांसाठी परत निघाले. निघताना रुमालात बांधलेलं एक मनगटी घड्याळ त्यांनी माझ्या हातात ठेवलं.

"आमच्या बापाचं हाये. मोटंच्या चाकात हात गेल्ता त्यांचा, तव्हापासून बंद पडलं. बारशाला घालीन म्हन्तो. व्हईल का बराबर?"

"बघतो दाजी," मी म्हणालो.

काच गेली होती, बाहेरची केस चेपलेली होती, आणि बॅलन्सचा दांडा मोडला होता. बॅलन्स म्हणजे घड्याळाचं ते बारीक चाक – ते मागंपुढं हलतं म्हणून टिकटिक येते. नवा दांडा औरंगाबादेहून यायचा होता. तोवर मी सगळी मशीन बाहेर काढली, सुटी केली, पेट्रोलमध्ये धुतली आणि पुर्जे काचेच्या बशीत झाकून ठेवले. चांदीची केस तेवढी टेबलावर राहिली. रिकामी. डबीसारखी.

उन्हाळा संपत आला होता. शुक्रवारची सुटी होती. जेवणं झाल्यावर आई शेजारी गेली, मी टेबलाशी केसचा चेप काढत होतो आणि अक्का भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती.

"वसंता, झालं का रे चालू?"

"काय?"

"घड्याळ. वाजून राह्यलं की."

मी हसलो. "अक्का, अगं पुर्जे बशीत आहेत. वाजायला आहे काय त्यात?"

ती नुसती ऐकत राहिली. आणि मंग मलाही ऐकू आलं.

टक्... टक्... टक्...

मी आधी भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हातानं धरला. आवाज थांबला नाही. खिडकी लावून घेतली. थांबला नाही. शेवटी ती केस उचलून कानाला लावली... आवाज तिच्यातूनच येत होता! उलटी करून बघितली, बोट घालून बघितलं. आत गुळगुळीत चांदी, दुसरं काही नाही.

"दे इकडं," अक्का म्हणाली.

तिनं ती कानाशी धरली आणि तिचा चेहरा उतरला. "वसंता, यांचं काहीतरी होऊन राह्यलं तिकडं."

"काहीतरी बोलू नकोस."

"बारीक होऊन राह्यलाय आवाज... ऐक."

खरोखरच तो मंद होत चालला होता. अक्का उठून उभी राहिली आणि कुणी सांगितल्यासारखा तिनं डबीचा हात डोक्याच्याही वर नेला. आवाज पुन्हा स्वच्छ झाला. खाली आणला की बुडायचा, वर नेला की यायचा. तिचा दंड थरथरायला लागला तसा मी तिच्या कोपराला आधार दिला. असे आम्ही दोघं भरदुपारी रिकामी डबी वर धरून उभे. किती वेळ, ते सांगता येणार नाही.

मंग आवाज थांबला. एकदम.

"गेले," अक्का म्हणाली आणि मटकन खाली बसली. तिचा हात कपाळाच्या कुंकवाकडे गेला. मी तो घट्ट पकडला. "वेडी झालीस का! रिकामा डबा आहे हा!" मी ओरडलो.

निरोप न्यायला कुणी तयार होईना, रस्तेच तसे होते. अक्कानं त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. तिनं कुंकू पुसू नये म्हणून मी तिच्या शेजारून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजी आले! आडरानातून चालत आलेले. तळपाय फाटलेले, केसांत ज्वारीचा भुसा. अक्का दाराला धरून नुसती बघत राहिली. आईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. तो हातात धरूनच त्यांनी मला विचारलं,

"वसंतराव, घड्याळ झालं वाटतं बराबर?"

"न्हाई दाजी. अजून दांडाच आला न्हाई. खुलं पडलंय."

दाजींनी तांब्या खाली ठेवला. "मंग वाजत कसं व्हतं?"

आम्ही कुणी त्यांना एक शब्दही सांगितला नव्हता.

आदल्या दिवशी दुपारी टोळी वाड्यात शिरली, तेव्हा ते अंगणातल्या पेवात उतरले होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेला धान्याचा खड्डा. तळाशी थोडी ज्वारी होती, वरून दगड ओढलेला. अशा पेवात तळाला वाईट हवा साचते, माणूस झोपल्यासारखा मरतो, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक.

"डोळे मिटून राह्यले व्हते माझे," दाजी म्हणाले. "तेवढ्यात कानाशी टिकटिक. मला वाटलं, बापच आला. मंग आवाज वर गेला. त्याच्या मागं मीबी भिंतीला धरून उभा राह्यलो, तोंड दगडापाशी नेलं. तिथं फटीतून वारा येत व्हता. खाली बसलो की आवाज जायचा, म्हणून बसलोच न्हाई. मंग तो बंद पडला. म्हटलं, आता बाहेर निघावं. निघालो, तर टोळी नुकतीच वेशीबाहेर गेल्ती."

अक्का तेव्हा पहिल्यांदा रडली.

पुढं दांडा आला, घड्याळ चालू झालं. मुलीच्या बारशाला मी ते दाजींच्या मनगटावर बांधलं. त्यांनी कानाला लावलं, बराच वेळ ऐकलं आणि मान हलवली. "चांगलं चाललंय. पन तो आवाज हा न्हाई. तो सावकाश व्हता."

ते मलाही पहिल्याच टिकटिकीला कळलं होतं.

पुढं औरंगाबादच्या एका जाणत्या घड्याळजीला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, रिकामी डबी कानाला लावली की आपल्याच नाडीचा आवाज ऐकू येतो. असेल. मी मानलंही असतं... पण हसनाबादच्या पेवात ना ती डबी होती, ना माझा कान.