दोन पितळी स्क्रू

दोष काढणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. बेंगळुराजवळ बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. तयार भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि केसभर जरी चुकला असला तरी लाल फुली मारून बाजूला ठेवायचा. निपाणी सोडून मला अठरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत माझी नजर अशी झाली आहे की लग्नाच्या पंगतीत बसलो तरी मला आधी केळीचं पान कुठे फाटलंय ते दिसतं. बायको म्हणते, तुम्हाला देवळात न्यायची सोय नाही, मूर्तीत खोट काढाल.

ही नजर मी रविवारीही घरी ठेवत नसे. जुन्या स्पोर्ट्स गाड्यांनी वेडावलेले आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी अंगणात जमतो. इडली-कॉफी होते आणि मग यजमानाच्या गाडीवरची ताडपत्री निघते. बाकी सगळ्यांकडे एकेक गाडी आहे. कुणाची आजोबांकडून आलेली, कुणी भंगारातून उचलून उभी केलेली. माझ्याकडे काहीच नाही. मी येतो तो मारतहळ्ळीच्या बाजारात घेतलेल्या साध्या, पांढऱ्या, आठ वर्षं जुन्या गाडीतून आणि ती कोपऱ्यावर लांब लावतो. माझ्याकडे होती ती माहिती. कोणत्या वर्षी कोणता कार्बोरेटर बसवत, कोणत्या महिन्यापासून दाराची मूठ बदलली, हे मला तोंडपाठ. त्या माहितीच्या जोरावरच मी त्या अंगणात उभा असे, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

आमच्यात एक रीत आहे. बॉनेट उघडलं की इंजिन थंड असताना सुरू करायचं आणि त्याचा आवाज स्थिर होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. नंतर पाहुण्यांनी गाडीत एक तरी खोट शोधायची, म्हणजे मूळची नसलेली एखादी वस्तू: बदललेला दिवा, नवा पाइप, चुकीच्या डोक्याचा बोल्ट. सगळ्यात मोठी खोट काढेल त्याला यजमानाने गाडी चालवायला द्यायची. खेळ हसतखेळत चालतो. फार तर एखाद्या नळीच्या क्लिपेवर येऊन थांबतो. मी मात्र तो कधी खेळ म्हणून खेळलो नाही. मला गाड्या चालवायला मिळत, त्या तशाच.

त्या रविवारी आम्ही बसवनगुडीत दोघा भावांच्या घरी होतो. घराणं बेंगळुरात कित्येक पिढ्यांचं. मराठी बोलतात पण त्यात निम्मं कन्नड. थोरल्यांना सगळे अण्णा म्हणतात, धाकट्यांना मी काका म्हणतो. अण्णा खाली राहत, काका वर, आणि मधल्या जिन्याखालच्या शेडमध्ये त्यांची गाडी. साठच्या दशकातली इंग्रजी बनावटीची, दोन माणसांची, बिनछपराची, गर्द हिरवी. काका मस्कतला नोकरीला होते त्या वर्षांत अण्णांनी एकट्याने ती खोलून पुन्हा जुळवली होती. काका सुटीवर येत तेव्हा दोघे मिळून तिच्यात शिरत.

गाडी काय होती म्हणून सांगू. समोरच्या दिव्याच्या वरून एक रेघ निघायची, ती दारापाशी हळूच खाली वाकायची आणि मागच्या चाकावर पुन्हा उठायची. मध्ये कुठे अडखळणं नाही. कुणी सराईत बाईने एका दमात रांगोळीची ओळ सोडावी, तशी. बॉनेट लांब, कारण इंजिन पुढच्या चाकांच्या मागे सरकवून बसवलेलं. म्हणून वजन दोन्हीकडे सारखं आणि वळणावर गाडी जागच्या जागी फिरते. त्या काळच्या माणसांनी दिसणं आणि धावणं वेगळं धरलंच नव्हतं. अण्णा रबराच्या नळीचं एक टोक कानाला लावून दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत. दोन्हीकडची हवेची सूं सारखी ऐकू येईपर्यंत पेचकसाने स्वल्प इकडे, स्वल्प तिकडे करत. यंत्र नाही, मीटर नाही. पंचाहत्तरीच्या त्या कानांवर चार सिलिंडर एका तालात चालायचे. मी पुष्कळ इंजिनं ऐकली आहेत, इतकं समाधानी इंजिन दुसरं ऐकलेलं नाही.

खेळ सुरू झाला. कुणाला काही सापडेना. काका हसत होते, अण्णा हात पुसत बाजूला उभे होते. मला खरं तर त्या गाडीत काहीच काढायचं नव्हतं, पण सगळे माझ्याकडे बघायला लागले आणि मी टॉर्च घेऊन वाकलो. इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या ओतीव धडावर, नंबर कोरलेली एक पत्र्याची पट्टी असते. तिच्यावरचा नंबर आर.सी. बुकातल्या नंबराशी जुळला की इंजिन मूळचं. नंबर जुळत होता. पण पट्टी कारखान्यातून रिवेट ठोकून येते आणि इथे ती दोन पितळी स्क्रूंनी बसवलेली होती.

मी वर होऊन मोठ्याने म्हणालो की पट्टी या गाडीची आहे, इंजिन दुसऱ्या गाडीचं आहे.

 आमच्या लोकांत याचा अर्थ एकच होतो: कुणीतरी मूळ इंजिन कुठेतरी घालवलं, दुसरं बसवलं आणि लपवण्यासाठी पट्टी तेवढी इकडची तिकडे केली. ते कुणीतरी म्हणजे अण्णाच, दुसऱ्या कुणी ते इंजिन खोललेलंच नव्हतं. अण्णा पुढे आले आणि शांतपणे म्हणाले, "पट्टी मीच काढलो होतो. ब्लॉक उकळून धुवायला दिलो तेव्हा. परत लावताना रिवेट नव्हते, स्क्रू मारलो. इंजिन तेच आहे."

यावर मी जे बोललो ते आज लिहितानाही मला अंग चोरून घ्यावंसं वाटतं. मी हसून म्हणालो, "अण्णा, असं सगळेच म्हणतात."

दोघे-तिघे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी वळून भावाकडे बघितलं, आणि त्या बघण्यात प्रश्न होता. अण्णांना तो दिसला. ते आत गेले आणि काकांनी खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "सरी, ठीक आहे," ते म्हणाले, "तुम्ही जिंकलात."

मी नको म्हणायला हवं होतं. मी बसलो. काका शेजारी बसले आणि आम्ही दोन-तीन रस्ते फिरून आलो. ते रस्ताभर बाहेर बघत होते. आणि मी? मी तिसऱ्या गियरमध्ये इंजिनाचा सूर कसा भरदार होतो ते ऐकत होतो आणि खूश होतो. लाज वाटण्याची सुरुवात तिथेच व्हायला हवी होती, पण तेव्हा मला फक्त मजा वाटली.

तीन आठवड्यांनी कारखान्यात जेवणाच्या सुटीत एका सहकाऱ्याला मी त्या इंजिनाचे फोटो दाखवत होतो. टॉर्च धरून, फोन इंजिनाच्या मागे खुपसून मी त्या रविवारी अंदाजाने चार-पाच फोटो काढले होते. त्यातल्या एकात, स्टार्टरच्या वर, वंगणाच्या थराखाली उठावाचे आकडे दिसत होते. बोटांनी फोटो मोठा केला. ब्लॉक ओतताना साच्यातूनच उमटलेली तारीख होती ती, दिवस-महिना-वर्ष. गाडी तयार झाल्याची तारीख मला पाठ होती. ब्लॉक त्याच्या तीन आठवडे आधी ओतला होता. असा दुसरा ब्लॉक, त्याच महिन्याचा, बेंगळुरात कुणाला कुठून मिळणार? इंजिन तेच होतं. अण्णांचा शब्दन् शब्द खरा होता.

डबा तसाच ठेवून मी उठलो. त्याच क्षणी फोन करायला हवा होता. संध्याकाळी करू म्हटलं. मग रविवारी प्रत्यक्षच सांगू म्हटलं. त्या रविवारी दोघे भाऊ आले नाहीत, आणि एकाने माझ्या पाठीवर थाप मारून सांगितलं की यांच्या नजरेतून काही सुटत नाही. मी मूग गिळून इडली खाल्ली. माझ्याकडे गाडी नव्हती, होती ती एवढी नजर. तीही चुकली म्हटल्यावर मी त्या अंगणात कोण होतो? तेवढ्यासाठी मी गप्प बसलो. दुसरं काही कारण नव्हतं आणि मी ते शोधतही नाही.

पुढच्या महिन्यात कळलं की अण्णा धारवाडला लेकीकडे राहायला गेले. काकांनी त्यांना विचारलं होतं म्हणे, मी मस्कतला असताना इंजिन कुणाला दिलंस, एकदा खरं सांग. जन्मभर एका ताटात जेवलेले भाऊ. अण्णांनी पिशवी भरली. हे ऐकूनही मी घरी गेलो आणि जेवलो. असे आठ महिने गेले. फोटो फोनमध्ये होता. मी तो अधूनमधून उघडून बघत असे, जणू आकडे बदलतील.

मग काकांचाच फोन आला. गाडी विकून टाकायची ठरवलंय, म्हैसूरहून एक जण बघायला येणार आहे. त्याला इंजिन मूळचं नाही हे आधीच स्पष्ट लिहून द्यायचंय, उगीच फसवणूक नको. "कसं लिहायचं ते तुम्ही येऊन सांगा," ते म्हणाले. "तुम्हाला त्यातलं कळतं."

दुसऱ्या दिवशी सुटी टाकून गेलो. खालच्या घराला कुलूप होतं. काकू कॉफी ठेवून गेल्या. काकांनी कागद-पेन काढून ठेवलं होतं, आणि मी त्यावर फोन ठेवला, फोटो उघडून. काय आहे ते सांगितलं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मग उठले, चिंधी रॉकेलमध्ये बुडवली आणि शेडमध्ये जाऊन इंजिनाच्या मागे हात घातला. मी आरसा धरला, टॉर्च धरला. आकडे स्वच्छ निघाले. त्यांनी ते बोटाने चाचपून पाहिले आणि तिथेच गाडीच्या चाकाला टेकून खाली बसले.

"अण्णाला मी चोर म्हटलो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी मान वर करून विचारलं, "हे तुम्हाला कधी दिसलं?"

मी घरून ठरवून निघालो होतो की सगळं सांगायचं. तीन आठवड्यांतच दिसलं ते, आठ महिने गप्प बसलो ते, सगळं.

"परवा," मी म्हणालो. "जुने फोटो चाळताना."

त्यांनी माझा हात धरला, रॉकेलच्या बोटांनी. मग धारवाडला फोन लावला.  म्हणाले, अण्णा, इंजिन तेच आहे, मी चुकलो, तू घरी ये. पलीकडून काही विचारलं गेलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं. "यांनीच शोधलं," ते म्हणाले. "परवा कळलं आणि आज धावत आले बघ. दुसरा कुणी आपली चूक सांगायला आला असता का?" आणि फोन माझ्या हातात दिला.

अण्णांचा आवाज पूर्वीपेक्षा बारीक झाला होता. ते म्हणाले, "मोठं मन लागतं असं कबूल करायला. बरं केलात."

"त्यात काय अण्णा," मी म्हणालो.