आप्पांची वाचा, रोहिणीताईचा अर्ज

रोहिणीताईनं सख्ख्या काकाचा आवाज मुंबईला विकला, अशी आमच्या गावात बोलवा आहे. गिरणीवर दळण टाकायला जा, फुलवंताबाई पदर तोंडाला लावून सांगते, "मोबाइलमा भरी लिधा अनी इकी टाका, माय! आते आप्पाले खोकला बी येत नही."

आप्पांना खोकला येतो. चांगला दणदणीत येतो. त्यांची आमची भिंत एकच आहे, आमची भांडी वाजतात. आणि रोहिणीताईनं काही विकलेलं नाही. उलट तो आवाज आणून दिला तो तिनंच.

रोहिणीताई मुंबईला स्पीच थेरपी शिकून आली, तेव्हाही गाव हसलंच होतं. "बोलाले शिकाडानं बी कॉलेज ऱ्हास का? आपली दगूबाई तं बिगर कॉलेजनी दिनभर बोलस." पण शहाद्याच्या एका दवाखान्यात ती बसू लागली आणि तोतरी, अडखळणारी, उशिरा बोलणारी पोरं आयांच्या कडेवर बसून येऊ लागली. ताईला मात्र पुढं शिकायचं होतं. लकव्यात ज्या मोठ्या माणसांची वाचा जाते, त्यांचं काम. आमच्याकडची माणसं अशा वेळी आधी देवाकडं जातात, मग सुरतेच्या डॉक्टरांकडं, आणि दोन्हीकडून थकली की माणसाला कोपऱ्यात बसवून ठेवतात. त्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अर्जासोबत स्वतः उपचार केलेल्या एका रुग्णाची पूर्ण हकिगत मागितली होती. काय बिघडलं, तिनं काय केलं, काय सुधारलं. सोबत व्हिडिओ आणि रुग्णाची किंवा घरच्यांची लेखी संमती.

हकिगत तिच्या अंगणातच होती. भिलाआप्पा म्हणजे तिच्या वडिलांचे धाकटे भाऊ, बैलबाजारातले जुने दलाल. एका सकाळी त्यांनी चहा मागितला आणि तोंडातून निघालं "दोर". निर्मलाकाकूंनी दोर आणून दिला. आप्पांनी तो भिरकावला आणि पुन्हा म्हणाले, "दोर! दोर!" डोळ्यांत पाणी, हातात बशी. डॉक्टरांनी मेंदूतली गुठळी सांगितली. हात लवकर वळला, जीभ वळेना. समजायचं सगळं. ओठांवर यायचं भलतंच, नाहीतर काहीच नाही.

दलालाची जीभ गेली हे बाजाराला कळलं तर दलाल संपला. म्हणून ताईनंच गावभर सांगितलं, "आप्पांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय." काकासाठी थाप मारली, आणि तिला ती थाप वाटलीसुद्धा नाही. आप्पा गळ्याला मफलर गुंडाळून बाजारात जायला लागले. आमच्याकडं बैलाचा भाव तोंडानं बोलतच नाहीत. घेणारा आणि दलाल हातात हात देतात, वर रुमाल टाकतात, आणि खाली बोटं दाबून भाव ठरतो. एक बोट धरलं तर एक, सगळा पंजा धरला तर पाच. बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. मुका झालेला दलाल सबंध हंगाम बाजार करून आला आणि कुणाला शंका आली नाही.

ताईनं ते पाहिलं आणि तिथंच तिला वाट सापडली. उपचारातली नेहमीची चित्रांची कार्डं बाजूला ठेवली. खाटेवर आप्पांसमोर बसली, त्यांचा हात हातात घेतला, वर रुमाल टाकला. त्यांच्याच तांब्या बैलाचा भाव लावला. एक बोट. आप्पांनी मान हलवली, तिचा अख्खा पंजा दाबला. ताईनं पुन्हा एकच बोट धरलं. आप्पांनी रागानं पंजा आवळला. ताई हसली आणि या वेळी बोटाचं नुसतं टोक धरलं.

"हट!"

काकूंच्या हातातून लाटणं पडलं. तांब्याची किंमत कुणी एवढी पाडली नव्हती, आणि आप्पांची वाचा त्या अपमानानं दार फोडून बाहेर आली. त्यानंतर रोज सौदा. बोट दाबायचं आणि आकडा म्हणायचा, मग बैलाचा रंग, मग शिंगं, मग बैलाचा खोटा दोष काढून भांडायचं. अडले की ताई पहिला उच्चार ओठांवर धरून दाखवायची, आप्पा तो पकडून पुढचा शब्द ओढून काढायचे, विहिरीतून बादली काढावी तसे. मोबाइल रांजणाला टेकवून ती सगळं टिपत होती, आप्पांना सांगून, दाखवून. पोळ्याच्या सुमारास आप्पा वाक्य बोलायला लागले तेव्हा त्यांनीच काकूंसमोर तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"रोहिनी, तू... तू मन्ही जीभ शे. जठे सांगशी तठे सही करसू."

अर्जाची मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते तेव्हा ती संमतीचा कागद घेऊन गेली. ओट्यावर आप्पांसोबत फत्तेसिंग बसलेला. हाही दलाल, आप्पांचा सोबती आणि आप्पांच्या गिऱ्हाइकांवर डोळा ठेवून असलेला. ताई म्हणाली, "नंतर येते." पण फत्तेसिंगनं हात पुढं केला. "दखू दे ना पोरी, काय शे?" आणि ती नाही म्हणेपर्यंत कागद त्याच्या हातात होता. तो एकेक अक्षर बोटानं दाबत वाचायला लागला.

"मेंदू... लकवा... वाचा... आप्पा, तुले लकवा व्हयेल व्हता? मंग मागला हंगामना सौदा? आकडा तरी समजेत का तुले?"

ताईनं आप्पांकडं पाहिलं. तिला वाटलं, आता आप्पा म्हणतील, हो, झाला होता, आणि या पोरीनं मला उभं केलं. खरंच वाटलं तिला तसं.

आप्पा हसले. "लकवा? मले? काहीच व्हयेल नव्हतं. नुस्ता घसा बठेल व्हता. इले इचार, इनीच तुले सांगेल शे. सांग ना रोहिनी, घसा बठेल व्हता ना?"

तिची थाप त्यांनी तिच्याच हातात दिली. ती खोडून काढत नाही हे पाहून आप्पांना आणखी जोर आला.

"हाई पोर फोनमा मन्हा आवाज भरी लेस अनी मुंबईवालासले इकस. आते सही बी मांगी ऱ्हायनी!"

फत्तेसिंग मांडीवर थाप मारून हसला. ताई कागद घेऊन उतरली. नंतर तिनं मला सांगितलं, त्या क्षणी तिच्या डोक्यात पहिली गोष्ट आली ती ही, की आप्पा एवढी वाक्यं सलग बोलले आणि एकदाही अडखळले नाहीत. इतकं स्वच्छ ते त्याआधी कधी बोलले नव्हते. "माझं सगळ्यात चांगलं काम," ती म्हणाली, "आणि ते माझ्यावरच चालवून पाहिलं त्यांनी."

संध्याकाळी काकू आल्या, आवाज तुपासारखा मऊ. सही त्याही करू शकत होत्या. "माय, तू शिकेल-सवरेल शे. तुले दुसरा पेशंट भेटी जाई. यास्ना बजार गया तं परत भेटाव नही. एकेक सौदा उकरतीन लोके."

"अनी मन्हा अर्ज, काकू?"

काकूंनी अंगणातलं धुणं गोळा केलं आणि घरात गेल्या.

दुसऱ्या दिवशीपर्यंत ती आवाज विकणारी झाली होती. शहाद्याच्या बसमध्ये एक बाई तिला पाहून मुलाला म्हणाली, "इन्हा समोर बोलू नको." ताई त्याच मुलावर उपचार करत होती.

आता मी मधे येते, कारण गप्प बसणं मला जमत नाही. मी म्हटलं, "ताई, व्हिडिओ आहेत ना तुझ्याकडं? पाठवून दे. चोर म्हणालेच आहेत, मग चोरी तरी कर. मुंबईवाले काय सही ओळखतात?"

"नाही पाठवणार."

"पाठवशील. मुदत संपायच्या आत पाठवशील. लाव पैज."

मला गावातला कुणाचाही आवाज काढता येतो, आणि आप्पांचा तर अगदी हुकमी. त्यांचं अडखळणं, ते "दोर, दोर", रागानं "हट!" ते कशामुळं, हे न कळताही शाळेत पोरी पोट धरून हसतात. ताईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "तू हरलीस तर आप्पांची नक्कल कायमची बंद. जिंकलीस तर काय हवं ते माग."

मी लगेच टाळी दिली. मुदतीच्या दिवशी दुपारपासून तिच्या खांद्यावर हनुवटी टेकवून बसले. तिनं बाकीचा अर्ज भरला. हकिगतीच्या जागी लिहिलं, रुग्ण आहे, संमती नाही, म्हणून जोडत नाही. व्हिडिओंच्या फोल्डरवर तिचं बोट बराच वेळ थांबलं होतं. मग तिनं अर्ज तसाच पाठवला.

उत्तर आलं, अर्ज अपूर्ण आहे, पुढच्या वर्षी प्रयत्न करावा. ती तो मेल वाचून शहाद्याला कामावर गेली. आप्पांना तिनं माफही केलं नाही. परवा गल्लीत ते कुणाशी बोलताना एका शब्दावर अडकले, सवयीनं तिच्या ओठांकडं पाहायला लागले. ती ओठ मिटून पुढं निघून गेली, आणि आप्पा तो शब्द शोधत तिथंच उभे राहिले.

मी दारात उभी होते. शेजारून फत्तेसिंग म्हणाला, "कर ना पोरी, आप्पा करी दखाड." घशात नक्कल तयार होती, अगदी जिभेच्या टोकावर. मी म्हटलं, "ते बंद शे, काका," आणि आत आले.